पान बारावरचं एक वाक्य : मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी आधी तुम्हालाच ईमेलने पाठवलं होतं. तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, "हा विषय आता संपला आहे." माझ्यापुरता तो संपलेला नाही, म्हणून तेच पत्र जरा वाढवून सगळ्यांपुढे ठेवते आहे. मंडळाचं किंवा कुणा सभासदाचं नाव यात नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहेच, आणि बाकीच्यांचं नावावाचून काही अडत नाही.

झालं ते असं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची २५० वर्षं २०२६ मध्ये पुरी होतात. त्यानिमित्त आपल्या रविवारच्या मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांनी आपण राहतो त्या व्हर्जिनिया राज्याच्या इतिहासावर मराठीतून प्रदर्शन करायचं आणि सोबत चोवीस पानी पुस्तिका काढायची, हे तुम्हीच ठरवलंत. वर्ग माझ्याकडे होता. अकरा मुलं, चार महिने, चौदा फलक. जोडाक्षरांनी छळलं, एका फलकावर 'गुलाम'चा 'गुलाब' झाला, तो खोडून पुन्हा लिहिला. प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना तुम्ही त्यातले पाच फलक काढलेत: १६१९ सालचं जहाज, जॉन पंच, १६६२चा कायदा, १७०५चा कायदा आणि रिचमंडचा गुलामांचा बाजार. पुस्तिकाही परस्पर बदलली. पान बारावर मुलांनी लिहिलेले दोन परिच्छेद गेले आणि त्यांच्या जागी हे आलं:

"सतराव्या शतकात गोरे आणि काळे दोघेही करारावर मजूर म्हणून इथे आले. मुदत संपल्यावर जे कष्टाळू होते ते पुढे गेले."

सुटसुटीत मराठी आहे, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. फक्त ते खरं नाही. आणि ते पुस्तिकेत मुलांच्या नावाखाली छापलं आहे.

मला हे इतकं का लागावं, तेही सांगते. माझे आजोबा परभणी जिल्ह्यात सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं: ज्वारी किती, रोख किती, धोतरजोडी, वहाणा, एखादं घोंगडं. आत्याच्या लग्नाला उचल घेतली, ती तीन सालं फिटली नाही आणि तीन सालं ते त्याच मालकाच्या दावणीला राहिले. आजी सांगायची, उचल फिटली त्या पाडव्याला आजोबा घरी आले, कुणाशी बोलले नाहीत आणि दिवसभर झोपले. दुसऱ्या दिवशी उठून दुसऱ्याचं साल धरलं. वडील शाळेत गेले ते त्यानंतर. तेव्हा बांधलेली मजुरी म्हणजे काय, हे मला अमेरिकेत येऊन कळलेलं नाही. ती किती वाईट असते ते आमच्या घरात सांगितलं जायचं. आणि म्हणूनच, तिला गुलामीच्या शेजारी बसवून 'दोन्ही सारखंच' म्हटलेलं मला चालत नाही.

करारी मजुरांबद्दल वर्गात आम्ही काही लपवलं नव्हतं. जेम्सटाउन, व्हर्जिनियातली इंग्रजांची पहिली वसाहत, १६०७ ची. काही वर्षांत तिथे तंबाखू लागली, आणि तंबाखूला माणसं लागतात. १६१८ पासून वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीने नियमच केला की जो कुणी एक माणूस स्वतःच्या खर्चाने आणील त्याला पन्नास एकर जमीन. म्हणजे जहाजातून उतरणारं प्रत्येक डोकं पन्नास एकरांची हुंडी. इंग्लंडातली बेकार पोरं जहाजभाड्याच्या बदल्यात चार ते सात वर्षं कामाला बांधून घ्यायची. कराराच्या दोन प्रती एकाच कागदावर लिहायच्या आणि मधून वाकडातिकडा, दातेरी काप द्यायचा. भांडण झालंच तर दोन तुकड्यांचे दात जुळतात का बघायचं. अशा कराराला इंग्रजीत 'इंडेन्चर' म्हणतात, आणि त्यातला 'डेंट' आपल्या दंताचाच भाऊबंद आहे. मुलांना हे भयंकर आवडलं. शिवणाच्या नागमोडी कात्रीने त्यांनी अकरा करार कापले, अर्धे तुकडे एकमेकांत बदलले आणि अर्धा तास नुसता जोड्या जुळवण्याचा गोंधळ चालला होता.

त्या मजुरांचे हालही फलकावर होते. मुदत संपायच्या आत मेलेले पुष्कळ. फटके होते, उपासमार होती, मालक त्यांना विकू शकत असे, बाई गरोदर राहिली तर तिची मुदत वाढे. तुमच्यापैकी एकांनी मला फोनवर सुनावलं की तुम्ही गोऱ्या गरिबांचं दुःख लपवताय. फलक क्रमांक तीन तुम्ही काढलेला नाही. तो वाचला असतात तर हे म्हणाला नसतात.

पण दातेरी कागदाला दुसरा अर्धा असतो. त्या तासाला एका मुलीने विचारलं, "ताई, मग जॉन पंचचा कागद कुठाय?"

जॉन पंच कोण, हे ज्यांचा फलक काढला गेल्यामुळे वाचायचं राहिलं त्यांच्यासाठी सांगते. १६४० साली ह्यू ग्विन नावाच्या जमीनदाराकडून तीन नोकर पळाले आणि मेरीलँडमध्ये पकडले गेले. व्हिक्टर नावाचा डच, जेम्स ग्रेगरी नावाचा स्कॉट, आणि जॉन पंच नावाचा काळा. गुन्हा एकच, पळाले एकत्र, धरले एकत्र. फटके तिघांना सारखे, तीस तीस. त्यापुढे डच आणि स्कॉट यांना करार पुरा करून वर मालकाकडे एक वर्ष आणि वसाहतीसाठी तीन वर्षं काम. जॉन पंचला, निकालाच्या शब्दांत, इथे किंवा अन्यत्र, नैसर्गिक आयुष्य असेपर्यंत. हा काही कुणाचा तर्क नाही, व्हर्जिनियाच्या न्यायालयाचा नोंदलेला निकाल आहे. त्यात जॉन पंचच्या कुठल्या कराराचा उल्लेख नाही. मुलांनी फलकावर दोन दातेरी कागद चिकटवले आणि तिसरी जागा कोरी ठेवली. मी सुचवलं नव्हतं. तो फलक तुम्ही काढलात.

आता तुमचे मुद्दे.

पहिला अँथनी जॉन्सनचा. "काळा माणूस स्वतःच गुलाम बाळगून होता, ते का नाही लिहिलं?" असं एका सभासदांनी ईमेलमध्ये विचारलं, खाली एका व्हिडिओची लिंकही जोडली. लिहिलं होतं, त्याच बाराव्या पानावर, तुम्ही काढलेल्या दुसऱ्या परिच्छेदात. अँथनी जॉन्सन १६२१ मध्ये आला. कागदोपत्री तेव्हा 'अँटोनियो, एक नीग्रो' एवढंच. कष्ट करून सुटला, लग्न केलं, १६५१ मध्ये पाच माणसांच्या हिशेबाने अडीचशे एकर मिळवली. त्याच्याकडचा जॉन केसर म्हणू लागला की माझी मुदत कधीच संपली, आणि शेजाऱ्याकडे गेला. १६५५ मध्ये कोर्टाने केसर जन्मभरासाठी जॉन्सनचा ठरवून परत दिला. इथपर्यंत तुमचा व्हिडिओ बरोबर आहे. तो इथे थांबतो, एवढंच. जॉन्सन पुढे मेरीलँडला गेला आणि १६७० मध्ये वारला. त्याच्या व्हर्जिनियातल्या जमिनीचा प्रश्न आला तेव्हा ज्यूरीने निकाल दिला: तो नीग्रो होता, सबब परका होता, सबब जमीन सरकारजमा. पन्नास वर्षं या मातीत राहिलेला, कर भरलेला, कोर्टात खटले जिंकलेला माणूस मेल्यावर 'परका' झाला. 'कष्टाळू होते ते पुढे गेले' या तुमच्या वाक्याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही. गेला की पुढे. मग मागे कोणी ओढलं?

कायद्याने ओढलं, आणि एका फटक्यात नाही. मुलांना मी हेच शिकवत होते आणि सगळ्यात जास्त वेळ याच्यावरच गेला. सुरुवातीच्या वर्षांत गोष्टी खरंच धूसर होत्या. १६१९ च्या ऑगस्टअखेर व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पॉइंट कम्फर्टला 'व्हाइट लायन' नावाचं जहाज लागलं, त्यातून 'वीस आणि काही' आफ्रिकी माणसं उतरवली गेली आणि खाण्यापिण्याच्या सामानाच्या बदल्यात दिली गेली. ही नोंद जॉन रोल्फची. पोकाहाँटस या मूळ रहिवाशांच्या सरदारकन्येचा नवरा म्हणून मुलांना तो आधीच माहीत असतो. ही माणसं अंगोलाच्या लुआंडाहून निघालेल्या पोर्तुगीज गुलामजहाजावरून लुटलेली होती. कुठल्याही करारावर कुणी सही केली नव्हती. तरी पुढची काही वर्षं अँथनी जॉन्सनसारखा एखादा सुटत होता. मग एकेक फट बुजवली गेली.

एलिझाबेथ की नावाची बाई होती. आई आफ्रिकी, बाप इंग्रज, व्हर्जिनियाच्या विधानसभेतला सभासद. इंग्रजी कायद्यात मुलाचा दर्जा बापावरून ठरे. त्या आधारावर, आणि बाप्तिस्मा झालेली ख्रिस्ती म्हणून, तिने १६५६ मध्ये कोर्टातून स्वतःला सोडवून घेतलं. सहा वर्षांनी कायदा आला: मूल बांधील की मुक्त हे आईच्या स्थितीवरून ठरेल. बापाचं नाव घेऊन सुटायची वाट बंद, आणि मालकाने गुलाम बाईवर केलेल्या बळजबरीतून झालेलं मूल मालकाचीच मिळकत. १६६७: बाप्तिस्मा झाला तरी गुलामी सुटणार नाही. तीही वाट बंद. १६६९: शिक्षा करताना गुलाम मेला तर मालकावर खुनाचा गुन्हा नाही, कारण स्वतःची मालमत्ता कोणी मुद्दाम कशाला नष्ट करेल? हे शब्द वाचताना वर्गात कुणी बोललं नाही.

जन्मावरून माणसाची पायरी ठरते आणि ती मेल्याशिवाय सुटत नाही, हे मराठी माणसाला समजावून सांगायला किती वेळ लागावा? मुलांना १६६२ चा कायदा दोन मिनिटांत कळला. एका मुलाने घरी जाऊन आजीला विचारलं आणि पुढच्या रविवारी येऊन जातीबद्दल जे बोलला ते इथे लिहीत नाही, ते त्याच्या घरचं आहे. माझा संशय असा आहे की तुम्हालाही तो फलक चांगलाच कळला.

१६७६ मध्ये नॅथनिएल बेकन नावाच्या जमीनदाराने गव्हर्नरविरुद्ध बंड केलं आणि जेम्सटाउन जाळलं. बेकन काही साधू नव्हता, त्याला मूळ रहिवाशांच्या जमिनी हव्या होत्या. पण त्याच्या बाजूने गोरे करारी नोकर आणि काळे गुलाम खांद्याला खांदा लावून उभे राहिले. शेवटी हत्यार खाली ठेवायला जे तयार नव्हते त्यांत सुमारे ऐंशी काळे आणि वीस इंग्रज होते. जमीनदारांच्या पोटात गोळा आला असणार. पुढचे कायदे वाचले की हे दोन गट पुन्हा एकत्र येऊ नयेत याची तजवीज उघड दिसते. १६९१ मध्ये गोऱ्याने काळ्याशी किंवा मूळ रहिवाशाशी लग्न केलं तर हद्दपारी. ही बंदी वेगवेगळ्या रूपांत या राज्यात टिकली ती १९६७ पर्यंत, लव्हिंग आडनावाचं दांपत्य सुप्रीम कोर्टात जिंकेपर्यंत. आपल्या मंडळात आज अशी किती जोडपी आहेत, मोजा.

आणि १७०५. हा फलक काढलात याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण तुमच्या वाक्याचं पुरं उत्तर त्याच्यावर होतं. या एका कायद्यात दोन्ही माणसं शेजारी शेजारी आहेत. गोऱ्या नोकराची मुदत संपली की मालकाने त्याला दहा बुशेल मका, तीस शिलिंग आणि निदान वीस शिलिंगांची एक चांगली बंदूक द्यायची. ख्रिस्ती गोऱ्या नोकराला उघडं करून फटके मारायचे तर आधी न्यायाधीशाचा हुकूम घ्यायचा. गुलाम मात्र, त्याच वर्षीच्या जोडीच्या कायद्याने, स्थावर मालमत्ता, शेतासारखी वारसांना जाणारी. आणि गुलामाकडे स्वतःचा घोडा, गाय, डुक्कर काही असेल तर ते जप्त करून विकायचं आणि येणारा पैसा त्या भागातल्या गरिबांसाठी वापरायचा. रात्री मालकाचं काम संपल्यावर जागून कुणी एक डुक्कर पोसलं, तर ते विकून आलेले पैसे दुसऱ्याला. आता सांगा, कष्टाळू कोण होतं?

आईवरून मूल गुलाम ठरवणाऱ्या त्याच १६६२ च्या कायद्याचा हिशेब पुढे बघा. आजच्या अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आफ्रिकेतून थेट आणलेली माणसं सुमारे ३ लाख ८८ हजार. १८०८ मध्ये बाहेरून आणणं बंद झालं. १८६० च्या शिरगणतीत गुलाम जवळजवळ ४० लाख. एकट्या व्हर्जिनियात सुमारे ४ लाख ९० हजार, सगळ्या राज्यांत जास्त. तंबाखूने जमीन थकली तेव्हा व्हर्जिनियाने माणसंच दक्षिणेकडच्या कापसाच्या राज्यांना विकायला काढली, आणि तो बाजार भरायचा रिचमंडच्या शॉको बॉटम या भागात. आपल्यातले निम्मे लोक तिथे शनिवारी जेवायला जातात. पाचवा फलक त्या बाजाराचा होता. मुलांनी गूगल नकाशावर त्या ठिकाणी लाल टाचणी काढली होती आणि शेजारी, जरा खोडकरपणे, एका रेस्टॉरंटचं चिन्ह.

"पण ते सगळं १८६५ ला संपलं ना?" हे कार्यकारिणीच्या बैठकीत बोललं गेलं, मी बाहेर कॉरिडॉरमध्ये बसले होते आणि दार उघडं होतं. तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी संपवली हे खरं, 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल ते सोडून' हेही त्याच वाक्यात आहे. त्या सोडून दिलेल्या जागेतून दक्षिणेतल्या राज्यांनी भटकण्याचे, बेकार असण्याचे गुन्हे काढले, माणसं पकडली आणि खाणींना, मळ्यांना भाड्याने दिली. अलाबामात हा धंदा १९२८ पर्यंत चालला. भरपाई कुणाला मिळाली? १८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरातली गुलामी संपवताना सरकारने माणशी तीनशे डॉलरपर्यंत दिले, पण मालकांना. सुटलेल्या माणसाला शंभर डॉलरपर्यंत मिळण्याची सोय होती, तो देश सोडून जायला तयार असेल तर. १८६५ च्या जानेवारीत यादवी युद्धातले उत्तरेचे जनरल शर्मन यांच्या हुकमाने किनाऱ्यालगतच्या जमिनी सुटलेल्या काळ्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांनी वाटायला घेतल्या आणि तेच वर्ष सरायच्या आत अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्या जुन्या मालकांना परत करायला लावल्या.

विसाव्या शतकाचं तर पुस्तिकेत आम्ही फारसं घेतलंही नव्हतं. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. तेव्हा दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या माणसांचं काम हेच दोन. त्याच दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवून घरकर्जाला धोक्याच्या ठरवल्या गेल्या. रिचमंडची जॅक्सन वॉर्ड ही अशीच लाल वस्ती, आणि १९५० च्या दशकात तिच्या मधोमध हमरस्ता काढला. तो रस्ता म्हणजे आजचा आय-९५, आपण न्यू जर्सीला नातेवाइकांकडे जातो तो. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत कुटुंबं ओळीने लावली तर मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची कर्ज वजा जाता मालमत्ता सुमारे २,८५,००० डॉलर आणि काळ्या कुटुंबाची सुमारे ४४,९०० डॉलर निघाली. आपण सगळे घरांच्या किमतींवर तासन्तास बोलतो. घर विकत घेऊ न दिलेल्या माणसाच्या नातवाकडे घराची किंमत वाढून आलेला पैसा का नाही, हे आपल्याला कळायला अडचण नसावी.

दुसरा मुद्दा: "आपले लोकही गिरमिटिये होतेच की." होते. ब्रिटिश वसाहतींत १८३४ पासून गुलामी बंद होऊ लागली तेव्हा उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, आणि मुंबई इलाख्यातून गेलेल्यांचे वंशज मॉरिशसमध्ये आजही मराठी म्हणवून घेतात. 'अॅग्रीमेंट'चं गिरमिट झालं. (आमच्या सुताराचं भोक पाडायचं गिरमिट वेगळं, पण आजोबा म्हणाले असते, काम तेच.) तो इतिहास छापा, मी मदत करते. पण तो इथल्या गुलामीवर झाकण म्हणून वापरू नका. गिरमिटियाच्या पोटी जन्मलेलं मूल गिरमिटिया म्हणून जन्माला येत नव्हतं.

तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा ऐकला: "आपण इथे पाहुणे. यजमानाच्या घरातली भांडणं आपण कशाला उकरायची?" यजमान कोण म्हणे? १९२३ मध्ये भगतसिंग थिंड सुप्रीम कोर्टात गेले. अमेरिकन सैन्यात नोकरी केलेला माणूस. त्यांचा युक्तिवाद होता की मी उच्चवर्णीय हिंदू, म्हणजे आर्य, म्हणजे गोरा, सबब मला नागरिकत्व द्या. कोर्ट म्हणालं, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो त्यात तुम्ही बसत नाही. आधी दिलेली नागरिकत्वंही सरकारने काढून घ्यायला सुरुवात केली. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं: वर्षाला शंभर भारतीय. शंभर! आपल्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं असतात.

ते दार उघडलं १९६५ मध्ये. मार्चमध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर काळ्यांसाठी मतदानाचा हक्क मागणाऱ्यांची डोकी फुटली, ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये त्याच वाऱ्यावर देशवार कोट्यांची जुनी पद्धत मोडणारा स्थलांतर कायदा झाला. आपल्या संस्थापक सभासदांचे खिशातले आठ डॉलर पुस्तिकेच्या पान अठरावर आहेत, फोटोसकट. असायलाच हवेत, ते लोक धीराचे होते, आणि त्यांच्यातल्या काहींनी मला इथे नवीन असताना पोटाशी धरलं आहे. पण आठ डॉलर घेऊन उतरता आलं ते कुणामुळे, याची एक ओळ त्या पानावर नाही.

चौथा मुद्दा, मुलं लहान आहेत. इथल्या शाळेत चौथीला 'व्हर्जिनिया स्टडीज' असतं आणि १६१९ त्यात आहे. त्यांना हे इंग्रजीतून माहीत आहे. मराठीत मात्र आपण त्यांना दुसरं सांगणार आहोत.

एक शेवटचं, जे बघून मला हसू आलं. प्रदर्शनाच्या दारात 'थोर महाराष्ट्रीय' या पट्टीत महात्मा फुल्यांची तसबीर होती, झेंडूचा हार घातलेली. त्यांचं 'गुलामगिरी' १८७३ चं. ते त्यांनी अर्पण केलं आहे अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी स्वतःचा स्वार्थ सोडला, आणि आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा धरली आहे. पुण्यात बसून, सातासमुद्रापलीकडच्या माणसांबद्दल. कुणी त्यांना म्हणालं नसेल की जोतीराव, आपला काय संबंध? आपण व्हर्जिनियात बसून तसबिरीला हार घालतो आणि आतले पाच फलक उतरवतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पाचही फलक मुलांनी केले तसेच गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत सभागृहात लावावेत. एखाद्या फलकात तथ्याची चूक असेल तर ती दाखवा, मुलं आणि मी दुरुस्त करू.

पुस्तिकेच्या उरलेल्या प्रतींत पान बारासाठी शुद्धिपत्रक घालावं आणि मुलांचे दोन परिच्छेद छापावेत. तुमचं वाक्य ठेवायचं असेल तर ते कार्यकारिणीच्या नावाने छापा. त्याच्याखाली अकरा मुलांची नावं नकोत.

पान अठरावर १९६५ च्या कायद्याबद्दल चार ओळी घालाव्यात. लिहून पाठवल्या आहेत.

मुलांचं काम त्यांना आणि पालकांना न विचारता यापुढे बदलू नये, असा ठराव वार्षिक सभेत मांडावा. मी मांडणारच आहे, तुम्ही मांडलात तर बरं दिसेल.

आणि या वर्षीची शाळेची सहल बुश गार्डन्स या करमणुकीच्या पार्कऐवजी फोर्ट मन्रो या किल्ल्यावर न्यावी. व्हाइट लायन लागलं तो पॉइंट कम्फर्ट तोच. १८६१ च्या मे महिन्यात फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यासाठी राबता राबता रात्री होडीतून निसटून याच किल्ल्यात आले. मालकाचा माणूस मागायला आला तेव्हा किल्ल्यावरचे उत्तरेचे जनरल बटलर यांनी त्यांना परत द्यायचं नाकारलं. त्यांच्यामागून हजारो आले. इथेही पळालेले तिघेच होते. जॉन पंचचा फलक केलेल्या मुलीला ते दाखवायचं मी कबूल केलं आहे. रिचमंडहून दीड तासाचा रस्ता आहे, आत जायला पैसे पडत नाहीत. डबे मी करते.

शाळेचं काम मी सोडलेलं नाही, तशी अफवा ऐकली म्हणून सांगते. रविवारी दहाला वर्ग आहे, या महिन्यात विभक्ती. फलक माझ्या गॅरेजमध्ये आहेत, वर प्लॅस्टिक टाकलंय, पण पावसाने खालचे कोपरे फुगायला लागलेत. ते माझ्या गाडीत मावत नाहीत. कुणाकडे मिनीव्हॅन असेल तर सांगा, संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते.

आपली,
मराठी शाळेची एक शिक्षिका आणि मंडळाची आजीव सभासद